ठाण्यातला आमचा गानवृंद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्यक्रम संपला की नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर, तालमीच्या दाराशी आणि मग रात्री व्हॉट्सॲपवर ठरावीक प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकदाची लिहून ठेवली आहेत. काही लांबलीत, काही दोन ओळींत आटपलीत. ज्यांना फक्त पैशांचं विचारायचं आहे त्यांनी सरळ मधल्या भागात उतरावं, आम्हाला राग नाही.

तुम्ही नेमकं करता काय?

दोन कामं. वर्षातून एखाद-दुसरा मोठा कार्यक्रम नाट्यगृहात करतो आणि त्या निमित्ताने एखाद्या संस्थेसाठी मदत उभी राहते, हे एक. दुसरं म्हणजे ठाणे आणि नवी मुंबईतले वृद्धाश्रम, रुग्णांच्या नातेवाइकांची निवासस्थानं, पुनर्वसन केंद्रं अशा ठिकाणी नेमाने जाऊन तिथल्या माणसांबरोबर गातो.

बाहेर पहिलंच काम दिसतं, कारण त्याचा फ्लेक्स लागतो. आमच्या लेखी दुसरं मोठं. कार्यक्रम करून धनादेश देणं ही एका संध्याकाळची गोष्ट. त्याच खोलीत पुन्हा जाणं, पावसात जाणं, गेल्या वेळी कोपऱ्यात बसलेल्या काकांनी या वेळी खुर्ची दोन वीत पुढे ओढली आहे हे लक्षात येणं, याला वेळ द्यावा लागतो. नवीन सभासद बहुतेक पहिल्या कामासाठी येतात आणि दुसऱ्यासाठी टिकतात. जे टिकत नाहीत ते दुसऱ्यामुळेच टिकत नाहीत, हेही खरं.

समूहगान म्हणजे चर्चमधला क्वायर ना?

तो त्यातला एक प्रकार, आणि वसई-ठाण्याच्या ख्रिस्ती वस्त्यांनी तो छान जोपासलाय. पण एकत्र गाणं आपल्याला कुणी बाहेरून येऊन शिकवलेलं नाही. दिंडीत पुढचा अभंगाचं चरण म्हणतो आणि मागचे टाळकरी ध्रुपद उचलतात. जात्यावर दोघी बसल्या की एकीची ओवी दुसरी पुरी करते. भजनी मंडळ तर ठाण्याच्या प्रत्येक जुन्या आळीत आहे. पुढच्या काळात राष्ट्र सेवा दलाची कलापथकं समूहगीतं घेऊन गावोगाव फिरली, वसंत देसाईंनी हजारो शाळकरी मुलांना एका सुरात गायला लावलं, आणि मुंबईत सलील चौधरींनी १९५० च्या दशकात बॉम्बे यूथ क्वायर उभा केला. आम्ही या सगळ्यांतून थोडं थोडं उचललं आहे.

मग तुम्ही तीन-चार वेगवेगळ्या सुरांत गाता का?

सगळीकडे नाही. आपलं गाणं एका सुरावटीच्या अंगाने चालतं. रागातल्या चालीवर प्रत्येक शब्दाला तीन-तीन स्वर रचले की रागही जातो आणि शब्दही. म्हणून अंतरा शक्यतो सगळे एकाच सुरात म्हणतो. मागे काही जण नुसता षड्ज (सा) किंवा पंचम (प) धरून राहतात. ध्रुपदाला मात्र दोन-तीन आवाज फुटतात. कोळीगीतं, पोवाडे, स्फूर्तिगीतं यांत जास्त मोकळीक घेता येते, भूपाळीत अजिबात नाही.

खरी अडचण पट्टीची, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुराला सा धरायचा याची. पुरुषांना काळी एक-दोन सोयीची, बायकांना त्याहून वरची काळी चार-पाच. दोघांना एकत्र गायचं तर कुणीतरी खाली उतरायचं किंवा कुणीतरी घसा ताणायचा. आम्ही मधला मार्ग काढतो: मुखडा एकाने, अंतरा दुसऱ्याने, आणि एकत्र येण्याच्या जागा अशा शोधायच्या की बायकांचं मंद्र (खालचे सूर) आणि पुरुषांचं तार (वरचे सूर) एकमेकांना भेटेल. यावर तालमीत भरपूर भांडणं होतात. पट्टी अर्ध्या सुराने खाली आणली तर काही मंडळी दोन आठवडे बोलत नाहीत.

मला गाता येत नाही. तरी येऊ का?

या. आम्ही फक्त तीन गोष्टी बघतो: तानपुऱ्याबरोबर सा धरून ठेवता येतो का, ऐकलेली ओळ जशीच्या तशी परत म्हणता येते का, आणि शेजारचा गात असताना तो ऐकू येतो का. स्वरलिपी वाचता आली नाही तरी चालतं. परीक्षा दिल्या आहेत का, हेही विचारत नाही. उलट काही उत्तम गायक आम्हाला नाही म्हणावे लागले. ज्यांना आपला आवाज दुसऱ्याच्या आवाजात विरघळू द्यायला जड जातं त्यांनी एकट्याने गावं, त्यात काही कमीपणा नाही.

तिन्ही जमलं नाही तरी काम आहे. गाण्यांचे कागद करणं, खुर्च्या मांडणं, हिशेब लिहिणं, पेटी रिक्षातून नेणं. विशेषतः पेटी रिक्षातून नेणं.

तालीम कुठे आणि कधी?

नौपाड्यातल्या एका शाळेच्या वर्गात, शनिवारी संध्याकाळी. रविवार सगळ्यांना सोयीचा वाटतो, पण आमच्यात बरेच जण डोंबिवलीहून येतात आणि बरेच ऐरोली-वाशीकडून ट्रान्स हार्बरने. रविवारी कुठे ना कुठे मेगाब्लॉक असतोच, मग अर्धे मंद्र आवाज ठाण्यात आणि अर्धे फलाटावर. बाकं तिसरीच्या मुलांची आहेत, गुडघे दुखत असतील तर भिंतीलगत खुर्च्या ठेवलेल्या आहेत.

वर्गणी किती?

महिन्याची ठरावीक वर्गणी आहे, तालमीत कळेल. विद्यार्थ्यांना नाही. जागेचं भाडं, साथीदारांचं मानधन, छपाई, प्रवास हे सगळं त्यातूनच भागतं. साथीदारांना आम्ही पैसे देतो, धर्मादाय कार्यक्रम असला तरी देतो. ‘चांगल्या कामासाठी फुकट वाजवा’ हे तबलजीला वर्षभर दहा जण ऐकवत असतात. आपण स्वेच्छेने दान करावं. दुसऱ्याची बिदागी परस्पर दान करू नये.

कार्यक्रमात जमलेले पैसे कुठे जातात?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि विचारायलाच हवा.

पैसे आमच्याकडे येतच नाहीत. ज्या संस्थेसाठी कार्यक्रम आहे ती संस्था स्वतः नाट्यगृहाच्या बाहेरच्या दालनात टेबल मांडते. क्यूआर तिचा, पावतीपुस्तक तिचं, बँकेचं खातं तिचं. आम्ही गाणारी मंडळी. आमच्या वृंदाची सार्वजनिक न्यास म्हणून नोंद नाही. नोंद नसलेल्यांनी धर्मादाय कारणासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे जावं लागतं. गणेशोत्सव मंडळं दरवर्षी घेतात ती परवानगी हीच. आम्ही ती वाट न धरता पैसे सरळ संस्थेच्या हातात पडतील अशी व्यवस्था केली.

रोख रक्कम संस्थेच्या दानपेटीत पडते. कार्यक्रम संपल्यावर, रंगमंच आवरायच्या आधी, पेटी तिथेच उघडली जाते. संस्थेचे दोन जण आणि आमचे दोन जण मोजायला बसतात. आधी पाचशेच्या, मग दोनशे, शंभर, आणि शेवटी नाण्यांची चळत. रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहिली जाते, चौघांच्या सह्या होतात, आणि त्या कागदाचा फोटो त्याच रात्री सभासदांच्या गटावर जातो. पडदेवाले दादा घाई करत असतात, तरी मोजणी दुसऱ्या दिवसावर जात नाही.

नाट्यगृहाचं भाडं, ध्वनिव्यवस्था, चहा हा खर्च वर्गणीतून. कुणी प्रायोजक म्हणाला तर तो नाट्यगृहाचं बिल परस्पर भरतो. देणगीतला एक रुपयाही कार्यक्रमाच्या खर्चाकडे वळवायचा नाही, एवढा एकच नियम आमच्याकडे लेखी आहे.

तिकीट लावलं तर जास्त पैसे जमतील. का लावत नाही?

जमतील कदाचित. पण कॉपीराइट कायदा, १९५७ काय सांगतो ते बघा. हौशी मंडळाने पैसे न देणाऱ्या श्रोत्यांसमोर गाणं सादर केलं तर कलम ५२ मध्ये त्याला सूट आहे. धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलं तरी आहे. ‘धर्मादाय कारणासाठी’ अशी सरसकट सूट मात्र नाही, हे फार जणांना माहीत नसतं. म्हणजे तिकीट लावून भावगीतांचा कार्यक्रम केला आणि सगळे पैसे वृद्धाश्रमाला दिले, तरी सादरीकरणाचा परवाना लागतोच. गीतकार-संगीतकारांच्या वतीने तो देणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ पासून आहे. कवी-संगीतकारांचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतात, त्यामुळे आपण ज्यांना ‘जुनी गाणी’ म्हणतो त्यातली बरीचशी कायद्याच्या नजरेत जुनी नाहीत. संतांचे अभंग सगळ्यांचे आहेत. त्यांना गेल्या शतकात लावलेली चाल सगळ्यांची असेलच असं नाही.

म्हणून आमच्या कार्यक्रमाला विनामूल्य प्रवेशिका असतात आणि देणगीचं टेबल कार्यक्रम संपल्यावरच सुरू होतं. कुणी पैसे दिले नाहीत म्हणून दारात अडवलं असं होत नाही. मनापासून सांगायचं तर गाणं ऐकून बाहेर पडलेला माणूस खिशात जास्त खोल हात घालतो.

देणगीवर आयकरात सवलत मिळते का?

संस्थेकडे देणगीदाराला वजावट मिळवून देणारी, ‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी आयकराची मान्यता असेल तर मिळते, आणि आम्ही अशाच संस्था घेतो. बहुतेकांच्या बाबतीत देणगीच्या ५० टक्के रकमेची वजावट असते, तीही ठरावीक मर्यादेत. २,००० रुपयांहून जास्त रोख दिलीत तर त्या रकमेवर वजावट नाही. नवी करपद्धती निवडली असेल तर ही सवलतच नाही. पॅन क्रमांक द्यावा लागतो, तेव्हा टेबलावर ‘कशाला हवा?’ म्हणून वाद घालू नका.

संस्था कशी निवडता?

नोंदणी क्रमांक, शेवटचे लेखापरीक्षित हिशेब, आणि न सांगता दुपारी मारलेली एक फेरी. तिसऱ्यातून जे कळतं ते पहिल्या दोन्हींतून कळत नाही. स्वयंपाकघराचा वास, संडासाची कडी, आणि कर्मचारी तिथल्या माणसांना नावाने हाक मारतात की ‘ए आजी’ म्हणतात, एवढं बघायचं.

मग विचारतो, काय हवंय? आमचा अनुभव असा की खरी गरज नेहमी कंटाळवाणी असते. प्रौढांचे डायपर. रात्रपाळीच्या मावशींचा पगार. गाद्यांवरचं रेक्झिन. पाण्याचा पंप. यावर कुणाच्या स्मृतिप्रीत्यर्थ पाटी लावता येत नाही, म्हणून देणगीदार त्याकडे फिरकत नाहीत. आम्ही मुद्दाम तेच घेतो आणि कार्यक्रमपत्रिकेवर तसंच छापतो. ‘डायपरसाठी गाणं’ हे एकदा निवेदकाला स्टेजवर म्हणवेना. शेवटी म्हणाला, आणि लोक हसले नाहीत.

मोठ्या पुठ्ठ्याच्या धनादेशाचा फोटो नाही. लाभार्थींना रंगमंचावर बोलावून त्यांची कहाणी सांगायला लावणं नाही. यावर चर्चा होणार नाही.

वृद्धाश्रमात गेल्यावर काय गाता?

आम्हाला जे बसवलंय ते नाही, त्यांना जे येतं ते. माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी आणि गाणी सगळ्यात पक्की राहतात. म्हणजे आज ऐंशीच्या आसपास असलेल्यांसाठी साधारण १९५५ ते १९७५ ची गाणी, आकाशवाणीच्या ‘आपली आवड’वर पोस्टकार्ड पाठवून मागवलेली. त्याआधीची आईने म्हटलेली स्तोत्रं आणि शाळेतल्या कविता. आपण ज्या गाण्यांना ‘सदाबहार’ म्हणतो ती निम्मी त्यांच्यासाठी नवीन असतात.

वेळ दुपारच्या चहानंतरची. चहाआधी गेलात तर सगळ्यांचं लक्ष दाराकडे. खुर्च्या अर्धवर्तुळात, आम्ही समोर ओळीत उभे न राहता त्यांच्या मध्ये मध्ये बसतो. माईक शक्यतो नाही, कारण कानातली यंत्रं शिट्टी मारतात. गाण्यांचे कागद चोवीस पॉइंटच्या टाइपात, एका पानावर एकच गाणं, लॅमिनेशन केलेले. साधे कागद पंख्याने उडतात आणि मग सगळी दुपार ते गोळा करण्यात जाते. लॅमिनेशनही चकचकीत नको, दिव्याची तिरीप पडली की अक्षर दिसत नाही.

पट्टी बरीच खाली. वयाबरोबर आवाज उतरतो, काळी चारचं गाणं पांढरी तीनला आणलं तरी कधी कधी आणखी खाली सरकावं लागतं. लयही संथ, पण रडकी नाही. एका ठिकाणी एक आजोबा तोंडाने काही म्हणत नाहीत. पूर्वी भजनात पखवाज वाजवायचे. मांडीवर उपडी घातलेली स्टीलची वाटी, आणि तिच्यावर बोटांनी ठेका. आमच्या तबल्यावरच्या पोराने लय वाढवली की ते वाजवणं थांबवतात आणि नुसतं बघतात. त्या बघण्याने आमच्या तबलजीची जेवढी सुधारणा झाली तेवढी तालमीत झाली नाही.

दिवाळीत या ना! सगळे घरचे फराळ घेऊन येतात.

म्हणूनच येत नाही. दिवाळीत आश्रमांत चिवड्याचे डबे ठेवायला जागा नसते, पितृपक्षात जेवण द्यायला रांग लागते, आणि आई-वडिलांच्या नावाने वाढदिवसाचे केक रविवारी तीन-तीन येतात. मग जुलैमध्ये, छपराखाली कपडे वाळत नाहीत आणि दिवसचे दिवस कुणी फिरकत नाही, तेव्हा? आम्ही आमच्या फेऱ्या मुद्दाम पावसाळ्यात आणि फेब्रुवारी-मार्चात जास्त ठेवतो. फराळ आणायचाच असेल तर आधी विचारा. निम्म्या लोकांना मधुमेह असतो आणि चकली चावायला दात लागतात.

मनोरुग्णालयात गाता का? भीती नाही वाटत?

ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं आहे, आणि ‘याला ठाण्याला पाठवा’ हा विनोद महाराष्ट्रभर चालतो. ठाण्यात राहणाऱ्यांनी तरी तो सोडून द्यावा. मानसिक आजारातून सावरणाऱ्या लोकांबरोबर आम्ही गातो ते त्यांच्या डॉक्टरांच्या आणि तिथल्या प्रशासनाच्या परवानगीने, समुपदेशक खोलीत असताना. बाकी काही वेगळं नसतं. कुणी मध्येच उठून जातं, कुणी तेच गाणं चौथ्यांदा मागतं. आमच्या घरीही तसंच असतं.

मोबाइल बॅगेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार अशा व्यक्तीची छायाचित्रं किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांत देता येत नाही. बालगृहातल्या मुलांबाबत तर बाल न्याय कायदा, २०१५ आणखी कडक आहे. ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही. ‘चेहरा ब्लर करतो’ ही पळवाट आमच्याकडे चालत नाही. फोटो हवाच असेल तर आमच्या चपलांचा काढा.

खारघरला कर्करोगाच्या रुग्णांसाठी जाता, तिथे मराठी गाणी कोण ऐकतं?

खारघरला टाटा मेमोरियल केंद्राचं ॲक्ट्रेक, म्हणजे कर्करोगावरच्या उपचारांचं आणि संशोधनाचं केंद्र आहे. तिथे उपचारांसाठी येणाऱ्यांत बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल, ईशान्य भारत इकडचे लोक पुष्कळ. ते आणि त्यांचे नातेवाईक आसपासच्या खोल्यांत महिनोन्‌महिने राहतात. आम्ही जातो ते अशा राहण्याच्या ठिकाणी, वॉर्डात नाही. रुग्णालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र असतो, ढोलकी घेऊन तिथे उभं राहायचं नाही.

तिथे बऱ्याचदा आम्हीच शिकतो. एका बंगाली काकूंनी आम्हाला एक होडीवाल्याचं गाणं बसवून दिलं, उच्चार तीनदा सुधारून. नातेवाइकांना, विशेषतः बायकांना, दिवसभर रुग्णाची सोबत करून स्वतःच्या भाषेत मोठ्याने चार शब्द बोलायला मिळालेले नसतात. तिथे ऐकवण्यापेक्षा म्हणवून घेणं महत्त्वाचं.

नियम मात्र कडक. केमोथेरपीत प्रतिकारशक्ती घटते, म्हणून सर्दी, खोकला, कणकण, काहीही असेल तर त्या दिवशी यायचं नाही. गळा बसला असेल तर नाहीच. फुलं, मऊ खेळणी, घरचे लाडू आणायचे नाहीत.

गाण्याने आजार बरा होतो का?

नाही. कार्यक्रमपत्रिकेत कुणी ‘राग अमुक, रक्तदाब कमी’ असं लिहून आणलं की आम्ही ते काढून टाकतो.

काही गोष्टी मात्र खऱ्या आहेत. पक्षाघातानंतर ज्यांना बोलता येत नाही अशांपैकी काहींना गाण्यातले शब्द म्हणता येतात. त्यावर आधारलेली एक वाचा-उपचार पद्धत १९७३ पासून वापरात आहे. स्मृतिभ्रंशात बाकी बरंच पुसलं गेलं तरी जुनी गाणी बराच काळ टिकून राहतात. कंपवातात ठेक्यावर पावलं टाकणं काहींना सोपं जातं. पण हे सगळं शिकलेल्या तज्ज्ञांचं काम. आम्ही गाणारे. कुणाला गाताना धाप लागली तर थांबतो आणि नर्सताईंना बोलावतो, एवढीच आमची वैद्यकीय पात्रता.

लहान मुलांना आणलं तर चालेल?

वृद्धाश्रमात जरूर. खारघरला नाही.

आमच्या भागात असा गट सुरू करायचा आहे. काय लागेल?

आठ-दहा माणसं, एक पेटी, आणि रिकामी दुपार असलेला एक वृद्धाश्रम. नाट्यगृहाचा विचार दोन वर्षं करू नका. शनिवार-रविवारच्या तारखा नाटकांना लागतात. तुम्हाला मिळेल ती बुधवारची दुपार. गडकरी रंगायतनला तलावपाळीवरून चालत येणारे श्रोते तरी असतात. घाणेकर नाट्यगृहाला जायचं म्हणजे घोडबंदर रोडची कृपा हवी. वाशीच्या भावे नाट्यगृहात कार्यक्रम असला की ठाणेकर ‘लांब आहे’ म्हणतात, आणि ठाण्यात असला की वाशीकर म्हणतात.

पहिल्याच भेटीत संस्थेला ‘दर महिन्याला येऊ’ असं वचन देऊ नका. तीन महिने जा, मग बोला. आत वाट बघणारी माणसं कॅलेंडरवर खूण करून ठेवतात.

आमच्या सोसायटीच्या गणपतीत कार्यक्रम कराल का? मानधन देऊ.

मानधन नको, ते आमच्या चालू उपक्रमातल्या संस्थेच्या खात्यात परस्पर जमा करा आणि पावती तुमच्या सूचनाफलकावर लावा. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर गाणार नाही. आरतीच्या मध्ये लकी ड्रॉ असेल तर गाणारच नाही. आणि तारीख दहा दिवसांबाहेरची, माघी गणपतीची वगैरे मिळाली तर बरं; भाद्रपदात आमचे तबलजी आम्हालाच सापडत नाहीत.